‘जातो’ म्हणणारी आळी

हा खांब. नीट बघून घ्या, फोटोत तो नुसता दगड दिसतो. पुरुषभर उंच, काळा, वर जरा निमुळता. कमरेच्या उंचीवर हे वळ पडलेत बघा. बोट घाला, अर्धं पेर आत जातं. हे टाकीनं पाडलेले नाहीत, दोरानं पडलेत. दोन पूर्ण आणि एक अर्धा. मागच्या बाजूनं हात फिरवलात की अर्धा कुठं संपतो ते कळेल. आमच्या आळीचं नाव यावरूनच पडलं, खांबआळी. नगरपालिकेनं मध्यंतरी एक भारदस्त नाव दिलं होतं, पाटीही लावली. पाटी आहे अजून, नाव कुणी घेत नाही.

आता या ताईंना सांगतो. मघाशी चहा पिऊन उठताना तुम्ही सवयीनं ‘येते हं मावशी’ म्हणालात आणि मावशीनं तोंड फिरवून कपबश्या विसळायला घेतल्या. तुम्हाला वाटलं असेल, काय उर्मट बाई आहे. उर्मट नाही ती. ऐकलंच नाही असं दाखवलं, हा तिनं तुमचा मान राखला. आमच्या आळीत ‘येतो’ म्हणत नाहीत. साऱ्या मुलखात निघताना ‘जातो’ म्हटलं की आई पाठीत धपाटा घालते, जातो म्हणू नये, येतो म्हणावं. इथं उलटं. पोर शाळेला निघालं तरी ‘जातो’ म्हणतं. नवरी मांडवातून निघताना आईच्या गळ्यात पडून ‘जाते गं’ म्हणते, आणि बाहेरगावचं वऱ्हाड कानांवर हात ठेवतं. ठेवू देत. आम्हाला सवय झाली.

हे असं का, ते सांगतो. पण ऐकून आमचं कौतुक वाटावं अशी ही गोष्ट नाही, आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्या गावांत असा खांब असला की त्यामागं कुणाचा तरी पराक्रम असतो. आमच्या खांबामागं आमची लाज आहे. आणि मी यातल्या कुणाचा वंशज, ते विचारू नका. पुढं कळेलच की विचारायची गरज नाही.

आधी जागा समजून घ्या. समोर कृष्णामाई. मागं, त्या पत्र्याच्या शेडच्या पलीकडं, ओढा आहे. आता त्याच्यावर पूल झालाय, म्हणून तो गटारासारखा वाटतो. पण माई चढली की तिचं पाणी ओढ्यातून मागं शिरतं, आणि आमची आळी मधोमध बेटासारखी उरते. ओढ्यापलीकडं उंच माळ आहे, त्यावर देवीचं देऊळ. पूर आला की आळीनं माळावर जायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. तिसरी एक वाट होती, ती तटावरून. या घाटाच्या टोकापासून गावाच्या जुन्या वेशीपर्यंत तट होता, वीतभर रुंदीचा, आता पडला. पाऊल घसरलं की खाली नदी. त्यावरून एकटादुकटा सडा माणूस जाऊ शकायचा, बायकापोरं नाहीत.

या घाटाच्या पायऱ्या बांधायला, म्हणे, दक्षिणेकडून पाथरवट आणले होते. कानडी माणसं. हा खांब त्यांनीच रोवला, दगड खाली सोडायला. त्यांच्यात एक बाई होती, निंगव्वा. नवऱ्याबरोबर आलेली. काम संपता संपता नवरा दगडाखाली सापडून गेला. बाकीचे पाथरवट मजुरी घेऊन परतले, ही राहिली. का राहिली, कुणी विचारलं नाही. खांबाशेजारी झोपडी घातली आणि अंबाडीचे दोर वळून विकायला लागली. आळीतल्या प्रत्येक विहिरीवर, प्रत्येक पाळण्याला तिचा दोर होता असं सांगतात.

मराठी ती इथंच शिकली, बायकांच्या संगतीत. तिच्या बोलण्यात बाईलाही ‘तो’ आणि माईलाही ‘तो’. ‘माई आला, माई चढला’ म्हणायची. बायका हसून लोटपोट व्हायच्या. पुन्हा म्हण गं निंगव्वा, म्हणायच्या. तीही हसायची आणि पुन्हा म्हणायची. वाईट वागवलं असं नाही हं तिला. सणावाराला ताट जायचं. फक्त, कसं सांगू, आळीतली माणसं मोजायला बसलं की ती मोजण्यात यायची नाही. राहून जायची.

आणि तिला एक विद्या येत होती. नवऱ्याकडून उचललेली. खांबाला दोराचे अडीच वेढे द्यायचे. दोन कमी पडतात, दोर पळतो. तीन जास्त होतात, दोर अडकतो. अडीच वेढे दिले की एकटं माणूस दहाजणांचं वजन तोलतं, हवा तेव्हा सैल सोडतं, हवा तेव्हा घट्ट धरतं. आळीतल्या गड्यांनी करून बघितलं होतं. हाताची सालटी निघाली, जमलं नाही. चेष्टा चेष्टेत म्हणायचे, निंगव्वाच्या मनगटात मारुती बसलाय.

तर एका वर्षी श्रावणात माई चढली. दोनशे वर्षं झाली म्हणतात, कुणी अडीचशे सांगतं. कुठं लिहिलेलं नाही. लिहून ठेवावं असं त्यात काही नव्हतंच.

सकाळी लोक उठले तेव्हा ओढा भरलेला. नाव तर आदल्या दिवशीच वाहून गेली होती. मग काय करायचं? आमच्या भागात अशा वेळी काहील काढतात. काहील म्हणजे गुऱ्हाळावर रस उकळायची ती भली मोठी लोखंडी कढई. ऊस गाळायचे दिवस नव्हते, काहील गुऱ्हाळात पालथी पडलेली. ती उताणी केली, पाण्यात सोडली, तर तरंगते. आठजण बसतात. पण तिला ना नाक ना शेपूट; धारेला लागली की भोवऱ्यासारखी फिरते आणि सरळ नदीत जाते. तिला मागून दोरानं धरायलाच हवं.

दोर निंगव्वानं धरला. काहिलीच्या कडीला एक टोक, खांबाला अडीच वेढे, दुसरं टोक तिच्या हातात. काहिलीत हैबती नावाचा तरणा गडी कळक घेऊन उभा राहिला, तळाला रेटा देत काहील पुढं न्यायला. हा माळावर माणसं उतरवणार, रिकामी काहील घेऊन परत येणार. येताना निंगव्वा दोर ओढणार. असं ठरलं. आणि तिला कसं न्यायचं, तेही ठरलं होतं बरं का, कुणी विसरलं नव्हतं. शेवटच्या खेपेला माळावरच्या चिंचेला दुसरा दोर बांधायचा, तो तिकडच्या गड्यांनी धरायचा, आणि हैबतीनं काहील घेऊन यायचं. मग निंगव्वानं खांबाचा दोर सोडून काहिलीत बसायचं. सोपं होतं. दोर होता, गडी होते, काहील होती.

पहिली खेप गेली. दुसरी गेली. बायका पोरांना कडेवर घेऊन उतरायच्या, काहिलीत बसायच्या, आणि निंगव्वाकडं बघून म्हणायच्या, येते गं. म्हातारे हात वर करायचे, येतो हं पोरी. आपल्याकडं निघताना म्हणतातच. कुणाच्या दारातून उठलं की तोंडातून आपोआप बाहेर पडतं, त्याला काही लागत नाही. ती प्रत्येकाला मान हलवायची. हात गुंतलेले होते. बारा खेपा झाल्या. नव्वद माणसं पलीकडं गेली, आणि नव्वदच्या नव्वद, असं सांगतात, तिला ‘येतो’ म्हणून गेली. शेवटी हैबतीही म्हणाला. कळक उचलला आणि म्हणाला, आलोच, निंगव्वा.

माळावर पोचला तेव्हा त्याच्या तळहातांचं कातडं लोंबत होतं. त्याची आई धावत आली, तिनं त्याला खाली बसवलं, हाताला हळद लावली. म्हणाली, जरा दम घे. आळीचे जाणते होते, आबाजी, ते म्हणाले, पाण्याला जरा ओढ जास्त आहे, जरा थांबू. दुसरा कुणी म्हणाला, जरा उतार पडेल आता. बघा हं, नको कुणीच म्हणालं नाही. तिला आणायचं नाही असं कुणी म्हटलं असतं तर दुसरा कुणी तरी उसळून उठला असता. सगळे ‘जरा’ म्हणाले. दुसरा दोर चिंचेखाली तसाच वेटोळा पडून होता. देवीच्या देवळात गूळ-चणे वाटायला काढले होते. माणसं भुकेली होती. बसली खायला.

काहील काठावर दगडांत अडकवून ठेवलेली, आणि तिच्या कडीला दोर तसाच, ओढ्यावरून ताणलेला. थोड्या वेळानं दोराला हिसका बसला. तिकडून ओढला. काहील दगडावर खरडली, खर्र. सगळ्यांनी ऐकलं. एकमेकांकडं कुणी बघितलं नाही. मग पुन्हा हिसका, पुन्हा खर्र. मी तयार आहे म्हणून सांगत होती ती. पाऊस इतका की पलीकडचं दिसत नव्हतं, हाक ऐकू येत नव्हती, पण दोर बोलत होता. हैबती दोनदा उठला. आईनं त्याच्या हाताकडं बोट दाखवलं. बसला.

मग एक म्हातारी उठली. तिचं नाव कुणी सांगत नाही, आणि सांगूही नये. ती काठावर गेली, आणि आपली घोंगडी दुमडून तिनं काहिलीखाली सारली.

मग आवाज येईनासा झाला.

ही गोष्ट मी तीस वर्षं सांगतोय, शाळेच्या सहलींना, परदेशी पाहुण्यांना, तुमच्यासारख्या हौशी मंडळींना. घोंगडीपाशी आलो की मला थांबावं लागतं. पूर मी समजू शकतो. भीती समजू शकतो. हैबतीचे सोललेले हातही समजतात. पण त्या नव्वद माणसांत एकानंही उठून ती घोंगडी ओढून काढली नाही. सगळ्यांना बरंच वाटलं.

दिवस कलता कलता दोर सैल पडला.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. आळी परतली. गाळ, पडक्या भिंती, मेलेली जनावरं, ते सगळं होतंच. पण लोक आधी खांबापाशी आले. दोराचे अडीच वेढे खांबाला तसेच होते. दोर दगडात रुतून बसला होता, काढला तेव्हा हे वळ दिसले. निंगव्वा नव्हती. पुढं नदीकाठच्या गावांत विचारलं म्हणतात. सापडली नाही.

मग काय, माणसाला मन खायला उठलं की तो आधी शब्द शोधतो. आळीनंही शोधले. पारावर बसले आणि बोलायला लागले. आबाजी म्हणाले, वाईट झालं, पण बाई कानडी. आपण आपलं म्हणायचं म्हणून येतो म्हटलं, तिला वाटलं खरंच कुणी येणार. तिला आपल्या बोलण्याची रीत कळली नाही. नाहीतर तटावरून गेली असती की वेळेवर. सडी बाई, चपळ, सहज गेली असती. सगळ्यांना ते पटलं. किती पटलं म्हणता! दोन दिवस आळीला झोप लागली. दोष भाषेचा. माईलाही ‘तो’ म्हणणारी बाई ती, तिचं चुकलं, आपलं काय.

पाचव्या दिवशी भागोजी गुरव गावातून परत आला. घाटावरच्या महादेवाचा हा पुजारी. पुराच्या दिवशी देव सोडून येणार नाही म्हणून तो आळीतच राहिला होता. गाभाऱ्यात पाणी शिरलं तेव्हा पिंडीला नमस्कार करून तटावरून वेशीकडं गेला. जाताना त्यानं निंगव्वाला बघितलं होतं. आळीतलं तिला बघणारं ते शेवटचं माणूस.

त्याला लोकांनी आपलं म्हणणं सांगितलं. बाईला आपली रीत कळली नाही वगैरे. भागोजी खाली बसला. मग म्हणाला, तिला कळत होतं.

तो सांगायला लागला. ‘कमरेइतकं पाणी होतं तिच्या. मी म्हणालो, निंगव्वा, चल माझ्याबरोबर, तटावर अजून पाय ठरतोय, घटकाभरानं ठरायचा नाही. म्हणाली, ते येतो म्हणून गेलेत. मी चिडलो. म्हटलं, अगं खुळे, निघताना माणसं म्हणतातच येतो, म्हणायचं असतं ते. तर मला म्हणाली, ठाऊक हाय की मला. आमच्यात पण म्हणत्यात, बर्तीनि म्हणत्यात, म्हंजे येतोच.’

कुणीतरी विचारलं, मग? मग का नाही आली?

‘मी तेच विचारलं,’ भागोजी म्हणाला. ‘तर म्हणाली, नव्वद माणूस म्हणाला की. त्यात एक तरी खरा असंल. तो आला आणि दोर नसला, तर?’



मी लहान असताना माझ्या आजोबांनी मला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, इथंच गोष्ट संपते. त्यांनी मला गप्प बसवलं. कारण भागोजीचं बोलणं संपलं नव्हतं. तो म्हणाला, ‘पाणी चढत होतं. मी तटावर चढलो. आणि वरून मागं वळून मीपण म्हणालो तिला, येतो गं. काय सांगू तुम्हाला. दुसरं काही तोंडात आलंच नाही. तिनं मलाही मान हलवली.’

असा तो भर पारावर रडला म्हणे, पागोट्याच्या शेवात तोंड घालून. त्याला गप्प करायला कुणी पुढं झालं नाही. कोण होणार, आणि काय म्हणून?

त्या दिवसापासून आळीत तो शब्द जड झाला. नेम कुणी केला नाही, दवंडी कुणी पिटली नाही. दुसऱ्या दिवशी हैबती शेताला निघाला. उंबऱ्यात उभा राहिला, सवयीनं तोंड उघडलं. आई चुलीपाशी होती, ती त्याच्याकडं बघत राहिली. तो काय म्हणतो याची ती वाट बघत होती आणि तिला ते ऐकवणारही नव्हतं. शेवटी तो म्हणाला, जातो. आईनं धपाटा घातला नाही. बरं, म्हणाली.

घराघरांत तेच झालं. पुढच्या वर्षी नागपंचमीला आळी खांबापाशी जमली आणि तिनं एक नवस बोलला. नवस म्हणजे काहीतरी मागायचं, ते मिळालं की फेडायचं. आमच्या नवसात मागणं नाही. ज्या दिवशी या आळीचं माणूस सुखरूप पोचल्यावर, मागं राहिलेल्यासाठी पुराच्या पाण्यातून परत येईल, त्या दिवशी ‘येतो’ हा शब्द आळीच्या तोंडी परत येईल. तोवर नाही. तोवर जातो. खोटं बोलण्यापेक्षा अभद्र बोललेलं बरं.

पूर नंतर पुष्कळ आले. पण पूल झाला, रस्ते झाले, लोक आधीच हलायला लागले. कुणी मागं राहायचा प्रसंग आला नाही. नवस तसाच राहिला. मुली ‘जाते’ म्हणत सासरी गेल्या. मुलं ‘जातो’ म्हणत पुण्याला गेली, त्यातली काही परत आली. म्हातारी माणसं दवाखान्याच्या गाडीत चढताना ‘जातो’ म्हणायची तेव्हा मात्र काळजात चर्र व्हायचं, खोटं कशाला सांगू.

इतकं सांगून मी थांबतो, नेहमी. पाहुणे खांबाला हात लावतात, फोटो काढतात, आणि आम्ही पुढं महादेवाच्या देवळाकडं जातो. आज थोडं पुढचं सांगणार आहे. का आजच, ते मलाही नीट माहीत नाही. त्या ताई ‘येते हं’ म्हणाल्या तेव्हापासून ते घशाशी आलंय.

चार वर्षांपूर्वीचा पूर. पूल पाण्याखाली गेला, आळी पुन्हा बेट झाली. इतकं पाणी कुणी बघितलं नव्हतं. आमच्या बोळातली आम्ही बाराजणं गच्चीवर चढलो. समोरच्या घरातल्या शेवंताबाई, वय ऐंशी, आणि त्यांचे अंथरुणाला खिळलेले यजमान, तेही त्या बारांतच. पोरांनी त्यांना खुर्चीसकट वर घेतलं होतं. सकाळी दहाच्या सुमाराला रबरी बोट आली. एकच माणूस, बाहेरगावचा, नाव विचारायलाही सुचलं नाही. दहाजण बसतील म्हणाला. यजमानांना आडवं न्यायला हवं होतं, म्हणून शेवंताबाई म्हणाल्या, आम्ही मागून, तुम्ही व्हा पुढं. आम्ही झालो पुढं. मी बहात्तर वर्षांचा, गुडघे गेलेले, मला तर त्यांनी आधी बसवलं.

बोट निघाली. शेवंताबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. मी वर बघितलं आणि म्हणालो, येतो हं, शेवंताबाई.

मी म्हणालो. तीस वर्षं ज्यानं ही गोष्ट लोकांना ऐकवली, त्यानं. दोनशे वर्षांत आळीच्या कुठल्या माणसाच्या तोंडून निघालं नव्हतं ते माझ्या तोंडून निघालं. बोटीतल्या बाकीच्यांनी माझ्याकडं बघितलं. शेवंताबाईंनी मान हलवली.

माळावरच्या शाळेत उतरलो. तिथं चहा होता, कोरडे टॉवेल होते. बोटवाला काठावरून ओरडला, गल्ल्या पाण्याखाली गेल्यात, खाली तारा आहेत, मला वाट कळत नाही, आळीतलं कुणीतरी एक चला माझ्याबरोबर, फक्त वाट दाखवायला. मी तिथंच उभा होतो. मला वाट ठाऊक होती. डोळे मिटून सांगितली असती, कुठला बोळ, कुठला खांब, कुठली तार. नुसतं बोटीत बसायचं होतं, कळक मारायचा नव्हता, दोर ओढायचा नव्हता. मनात आलं हो. नवस आठवला, शब्द आठवला, सगळं आठवलं. मी म्हणालो, जरा चहा घेतो.

जरा म्हणालो मी.

बाकीचे नऊजणही खाली बघत होते, पण त्यांचं ते सांगतील. बोटवाल्यानं एकदा आमच्याकडं बघितलं, आणि एकटाच गेला. दीड तास लागला त्याला. दोनदा वाट चुकला, तारेत पंखा अडकला. तेवढ्या वेळात गच्चीवर गुडघाभर पाणी आलं होतं. शेवंताबाईंनी यजमानांचं डोकं मांडीवर उचलून धरलं होतं. दोघांना त्यानं आणलं. यजमान पुढं आठवड्यानं गेले, थंडी छातीत बसली होती म्हणे. पुरानं गेले असं कुणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही.

शेवंताबाई बोटीतून उतरल्या तेव्हा मी हात द्यायला पुढं झालो. त्यांनी हात घेतला, तोल सावरला, माझा हात सोडला. मग बोटवाल्याकडं बोट दाखवून शांतपणे म्हणाल्या, ‘यानं मला काहीच म्हटलं नव्हतं. तोच आला.’

एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही. चहाला बोलावतात, दिवाळीला फराळ पाठवतात. आणि आळीत आजही मुलं ‘जातो’ म्हणून निघतात, नवऱ्या ‘जाते’ म्हणून निघतात. तो शब्द आता कधी परत मिळेल ठाऊक नाही. मिळायचा एक दिवस होता, तो मी चहा घेत घालवला. शेवंताबाई आजही माझ्या समोरच राहतात. सकाळी आमची दारं साधारण एकाच वेळेला उघडतात, आणि आधी मी खाली बघतो.